आमच्या मामाचं कावळेपण

हल्ली आमच्या सोसायटीतला कॉलेजात जाणारा एक मुलगा स्वतःला लांडगा मानतो, म्हणून लिफ्टमध्ये बायका कुजबुजतात. मला त्या मुलाचं काही वाटत नाही, राग येतो तो या बायकांचा. परळच्या आमच्या चाळीत, गिरणी संपाच्या काळात, आमच्या खोलीत चक्क कावळा राहायचा. तो माझा सख्खा मामा होता.

संपात मामाचा पगार थांबला, जेवणाची खानावळ सुटली आणि तो आमच्याकडे आला. एका सकाळी चहा पिताना त्याने शांतपणे सांगितलं, "मी कावळो आसय."

आई तांदूळ निवडत होती. "मगे दादा, जेवतलंस काय?"

"जां उरतला तां."

आईचा जीव भांड्यात पडला. बाबांचाही पगार बंद होता. उरलंसुरलं खाणारा पाहुणा तेव्हा कोणाला नको होता?

मामा ओरडत नसे की हात फडफडवत नसे. गॅलरीच्या कठड्याशी बसून मान वाकडी करून बघायचा, एवढंच. शेजारचे मास्तर एकदा त्याला पेचात पकडायला आले. "कावळा आहात, तर काव काव का करत नाही?"

मामा म्हणाला, "तुमी दिवसभर माणूस माणूस करतास काय?" मास्तर पुन्हा फिरकले नाहीत.

बाबांना मात्र हे अजिबात सहन होत नसे. मेहुण्याने चाळीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, हे त्यांचं पालुपद. अशात माझी आजी, म्हणजे बाबांची आई, गेली. दहाव्याला दादर चौपाटीवर बाबांनी मामाला बजावलं, "तुम्ही लांब कट्ट्यावर बसायचं. पिंडाकडे बघायचंसुद्धा नाही." त्याच्यावर लक्ष ठेवायला आई आणि मी होतोच.

पिंड ठेवला. कावळे माडावर बसून राहिले, खाली येईनात. थोरल्या काकांनी गावचं घर सांभाळायचं वचन दिलं. मग कोणीतरी गिरणी लवकरच सुरू होईल असंही सांगून टाकलं. त्यावर कावळ्यांचाही विश्वास बसला नाही. ऊन चढलं. भटजींना पुढे गिरगावात जायचं होतं, ते म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू.

बाबा वाळूत बसले. "संपात मी तिला पोटभर घालू शकलो नाही. स्वतःचं ताट पोरांकडे सरकवायची. उपाशी गेली माझी आई."

आईने सरळ कट्ट्याकडे हात केला. "दादा, ये."

मामा आला आणि पिंडाजवळ उकिडवा बसला. पण शिवेना. काकांनी हात जोडले, "अहो, शिवा की!"

"शिवतलंय," मामा म्हणाला. "पण घराक जावन तुमीच म्हणतलास, माणूस शिवलो."

आली का पंचाईत! भटजींसमोर, गावाहून आलेल्या सगळ्या भावकीसमोर बोलणार कोण? शेवटी बाबाच ओला पंचा सावरत उठले.

"हे माझे मेहुणे," ते मोठ्याने म्हणाले. "हे कावळा आहेत."

मामाने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं. मग हात न लावता, वाकून, तोंडानेच पिंडाचा घास घेतला आणि सावकाश गिळला. भटजींनी डोळे मिटून मंत्र उरकले.

बाबा त्याच्यासमोर गुडघे टेकून बसले. त्यांचा आवाज मी तेवढा लहान कधी ऐकला नव्हता.

"आई जेवली?"

"जेवली," मामा म्हणाला. "पोटभर."