ओव्हरसियरांचं खुराडं

सोपं काम अवघड कसं करावं हे ज्याला शिकायचं असेल, त्याने राजारामपुरीत आमच्या शेजारी थोडे दिवस तरी राहायला हवं होतं. आमचे शेजारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. ते खात्यातून निवृत्त झाले, पण खातं काही त्यांच्यातून निघालं नाही. घरातला नळ गळायला लागला की आधी स्थळ पाहणी व्हायची, मग कागदावर नकाशा निघायचा, मग त्यावर विचार सुरू व्हायचा. तोवर काकू आमच्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी मागून नेऊन नळ बांधून मोकळ्या. वांगी आणायला गेले तरी मंडईभर भाव विचारत फिरायचे आणि सर्वांत कमी दरवाल्याला काम द्यायचे. ती वांगी हटकून किडकी निघायची, आणि काकू किडकं तेवढं बाजूला काढून गुपचूप भाजी करायच्या.

काकू आजऱ्याकडच्या. माहेरी परड्यात कायम कोंबड्या, आणि लग्न झाल्यापासून नशिबी बदलीच्या गावच्या सरकारी खोल्या. निवृत्तीनंतर स्वतःचं घर झालं, घरामागं परडं आलं, तेव्हा त्या पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाल्या, "सोनं मागितलं न्हाय, साड्या मागितल्या न्हाईत. परड्यात कोंबड्या असाव्यात एवढंच म्हणतो मी." वेताचं एक डालगं पालथं घातलं असतं तर संध्याकाळपर्यंत काम झालं असतं. पण ओव्हरसियरांनी जाहीर केलं, "पक्क्या निवासाची सोय झाल्याशिवाय सदर पक्षी आणता येणार नाहीत." आणि बाईच्या कोंबड्या कागदावर अडकल्या त्या अडकल्याच.

आधी परड्यात खड्डा खणून माती तपासली. मग पंचगंगेच्या पुराचा विचार झाला. राजारामपुरीपर्यंत पाणी यायचं तर निम्मं कोल्हापूर बुडावं लागेल, हे मी भिंतीवरून सांगून पाहिलं. "बुडाल्यावर जबाबदार कोण?" असं मलाच विचारून त्यांनी खुराडं चार खांबांवर चढवलं. उंचावर घर म्हटल्यावर जिना आला, आणि जिना म्हटल्यावर पायरीची उंची ठरवणं आलं. त्यासाठी टेप घेऊन हा माणूस आठवडी बाजारात कोंबडीची तंगडी मोजायला गेला. विकणारी बाई म्हणाली, "पावणं, घ्याची हाय का नुसती मापायची हाय?" कोंबडीनं बोटाला चोच मारली, तरी माप पुरं करूनच आले. पुढं स्वतः काढलेल्या नकाशावर स्वतःच हरकत घेतली आणि स्वतःच खुलासा मागितला. काकू दारात बसून हे सगळं बघत होत्या. "अवं, कोंबडी हाय ती, कलेक्टर न्हवं," एवढंच म्हणायच्या. एकदा मात्र आमच्या बायकोला म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांदेखत झालं म्हंजे मिळवली."

झालं एकदाचं. वर सिमेंटचा स्लॅब, त्यावर ओली पोती, मुंगसाचं नखसुद्धा आत जाणार नाही अशी बारीक जाळी. नारळ फुटला, फीत कापली, आणि काकूंच्या कोंबड्या घरी आल्या. त्यांनी जिन्याकडं एकदा मान वाकडी करून बघितलं आणि दिवस मावळला तशा ओव्हरसियरांच्या स्कूटरवर जाऊन बसल्या. मी म्हटलं, "काका, वरचा ब्लॉक रिकामा असंल तर भाड्यानं मी येतो." चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "तुम्ही अंडी घालणार काय?"

शेवटी एक शहाणी कोंबडी जिना चढली आणि तिनं आत, पार कोपऱ्यात अंडं घातलं. तेव्हा कुठं कळलं की दार कोंबडीच्या मापाचं आहे आणि माणसाचा हात कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. काकूंनी काठीला आमटीची पळी बांधली आणि अंडं बाहेर काढलं. "पूर, मुंगूस, समदं बघितलासा," त्या म्हणाल्या, "अंडं तेवढं इसरलासा." ओव्हरसियर म्हणाले, "ते दुसऱ्या टप्प्यात आहे." त्या हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते दोन-तीन हंगाम काकूंचे फार आनंदात गेले. हातात दाणे घेऊन त्या परड्यातच असायच्या.

मग मोरीत पाय घसरून त्यांचा खुबा मोडला. खाट पुढच्या खोलीत पडली आणि परडं राहिलं घराच्या पार मागं. ओव्हरसियर रोज सकाळी खाटेपाशी उभं राहून कोंबड्यांचा अहवाल द्यायचे, "प्रकृती उत्तम, खाणं समाधानकारक." एकदा मी बसलेलो असताना काकू म्हणाल्या, "आता द्या कुणाला तरी. नुस्ता आवाज येतोय, दिसत न्हाईत. जीव तुटतो माझा."

ओव्हरसियर तडक उठले. परड्यात गेले आणि स्वतःच्या हातानं बसवलेली खुराड्याची जाळी उचकटायला लागले. टेप नाही, कागद नाही. जुने बांबू, तुरीच्या काड्या, काकूंच्या फाटक्या साडीच्या चिंध्या, हाताला येईल ते घेऊन त्यांनी परड्यापासून पुढच्या खोलीच्या खिडकीपर्यंत भिंतीच्या कडेनं कोंबड्यांना फिरायला जाळीचा बोळ बांधत आणला. एक बांबू माझ्याकडं कललेला, दुसरा त्यांच्याकडं. मी म्हटलं, "काका, नकाशा?" ते म्हणाले, "गप तार धरा." मी धरली.

ऊन उतरायच्या आत कोंबड्या कुरकुरत त्या बोळातून आल्या आणि खिडकीखाली माती उकरायला लागल्या. काकू कोपरावर रेलून उठल्या. "आल्या की गं बायांनो," म्हणाल्या. ओव्हरसियर दारात घामानं निथळत उभे होते. "तार थोडी ढिली राहिलीय," ते म्हणाले. काकूंची नजर खिडकीवरून हलली नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या.

त्याच खिडकीतून बघत बघत काकू गेल्या. खाट तिथंच आहे. आता सकाळी तिच्यावर ओव्हरसियर बसतात आणि गजांतून दाणे टाकतात. बांबू कुजलेत, बोळ एका अंगाला पडायला आलाय. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, पावसाच्या आत लोखंडी खांब घालून नवा करू. नकाशा तुम्ही काढा, तुम्ही म्हणाल तसा करू."

त्यांनी हातातले उरलेले दाणे गजांतून बाहेर टाकले.

"नको," म्हणाले. "तिनं बघितलेला हाच आहे."