बारा मीटरचा पाइप, नऊ पावलांवर तारा

सरोवराकाठच्या बालिकचीत कासिमाली ओस्मोनोवला नावाने कुणी ओळखत नसे. 'बंदरावरचा रेडिओवाला' म्हटले की शेंबडे पोरही घर दाखवी. सत्तावीस वर्षे त्याने सरोवरावरच्या बोटींना वाऱ्याची आगाऊ खबर दिली. मग देश बदलला, बोटी धक्क्याला लागल्या त्या लागल्याच, आणि बिनतारी खोलीच्या खिडक्यांच्या चौकटीसुद्धा कुणीतरी काढून नेल्या.

घरी त्याचा स्वतःचा जुना संच होता. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चाले. रोज सकाळी अकराला त्याची गेन्नादीशी गाठ पडे. गेन्नादी त्याच खोलीतला दुसऱ्या पाळीचा माणूस, चौऱ्याण्णव साली कालिनिनग्राडला निघून गेलेला. पत्राला दोन महिने लागत, टेलिफोन पेन्शनीत बसत नव्हता. उरली होती मोर्सची कडकट्ट.

संचाची तार धुराड्यापासून शेजारच्या पॉप्लरच्या झाडापर्यंत बांधलेली होती. त्या हिवाळ्यात कोळसा मिळेना, तेव्हा शेजाऱ्याने पॉप्लर तोडून जाळला. कासिमालीने तारेचे टोक वळचणीला बांधून पाहिले. बुटकी तार आवाज सरळ आभाळात फेकते, तो जवळपासच उतरतो. अल्माटी ऐकू आले, ताश्कंद आले, गेन्नादी नाही. उंच खांब हवा होता.

खांबासाठी तो दोन आठवडे फिरला. ॲल्युमिनियमची नळी सगळ्यात बरी, हलकी. पण गावातले ॲल्युमिनियम, कारखान्याच्या जेवणघरातल्या पातेल्यांसकट, भंगारातून सीमेपार गेले होते. एक निवृत्त जंगल-राखणदार वरच्या डोंगरातून स्प्रूसची दोन वाळकी खोडे आणून द्यायला तयार होता. जोडून नऊ मीटर भरली असती. त्याच्या बदल्यात तो एक मेंढा मागत होता.

मेंढा होता, पण तो राखलेला. शरदात कासिमालीला त्रेसष्ट लागणार होते, पैगंबराचे वय. त्या वर्षी माणूस गल्लीला जेवू घालतो.

बायको बात्मा म्हणाली, "देऊन टाका मेंढा, एमिलचे बाबा. जेवणाचं कोंबड्यांवर भागवू."

"त्रेसष्टाव्याला कोंबडी? लोक म्हणतील, रेडिओवाला पैगंबराच्या वयाचा झाला आणि अंड्यावर बसला."

तिसरी वस्तू बंदरावर फुकट पडून होती. बारा मीटरचा लोखंडी पाइप, सहा माणसांनी उचलायचा. सोबत जाळ्यांचे नायलॉनचे दोर, उन्हाने पांढरे पडलेले.

गल्लीतला वायरमन मेदेर पाइप उभा करायला आला आणि आधी त्याने अंगण पावलांनी मोजले. "बाइके, दादा, पाइप बारा मीटर. विजेच्या तारा नऊ पावलांवर. वारा पश्चिमेचा, तारा पूर्वेला. हे मी तुम्हाला शिकवायचं?"

"दिवसा तुझ्या तारांत असतं काय? चिमण्या बसतात."

वीज सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते दहा येई, तीन वर्षे एका मिनिटाचा फरक नव्हता. चोर भरदिवसा तारा कापून नेत. मेदेर स्वतः दुपारी हातमोज्यांशिवाय खांबावर चढे. तरी त्याने एवढे सांगितले, की पडलाच तर मी येईपर्यंत हात लावू नका. कासिमाली म्हणाला, तुझी सायकल येईपर्यंत गेन्नादी म्हातारा होईल.

पाइप रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरच्या तुकड्यावर उभा केला, चार बाजूंनी दोर ताणले. तो सरळ आहे की नाही हे दोर धरणाऱ्यांना दिसावे म्हणून टोकाला पांढरे फडके बांधले होते. ते तिथेच राहिले.

दुसऱ्या सकाळी पलीकडच्या गल्लीतली उलकानआपा काठी टेकत आली आणि फाटकातच तिने मोठ्याने गळा काढला. कासिमाली चहाची वाटी घेऊन दारात आला.

"तू आहेस का अजून?" ती रडे थांबवून म्हणाली.

तिच्या लहानपणी मयताच्या दारी असाच खांब उभारत. म्हाताऱ्यासाठी पांढरे कापड, मधल्या वयाच्या माणसासाठी काळे. वर्षश्राद्धाला खांब मोडायचा, मग दुःख संपले. बात्माने तिला आत बसवून पाव-लोणी दिले. जाताना म्हातारीने पाइपावर काठी वाजवली.

"हा मोडायचा कसा? खांब मोडता येईल असा असावा, बाळा."

कासिमाली हसला. अकराला गेन्नादी स्वच्छ ऐकू आला. त्यानंतर पाच आठवडे रोज आला. फडके काढा, असे बात्मा रोज सांगे. त्यासाठी पाइप उतरवावा लागला असता.

मार्चमध्ये घाटातून उलान, पश्चिमेचा वारा, सुटला. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला पश्चिमेचा दोर तुटला. पाइप कुंपणावरून कलला आणि विजेच्या तारांवर जाऊन टेकला. ठिणगी नाही, आवाज नाही. आमच्याकडे घरोघर एका दिव्याचे बटण चालूच ठेवतात, वीज आली की कळावे म्हणून. कासिमालीने तो दिवा पाहिला. विझलेला होता. त्याने घड्याळ पाहिले आणि मेदेरला निरोप न धाडता बाहेर गेला. अकराला अर्धा तास होता.

त्या दिवशी राजधानीतून काही साहेब बंद कारखाना बघायला आले होते. त्यांना यंत्रे फिरताना दिसावीत म्हणून पावणेअकराला वीज सोडली. कुणाला कळवले नाही. वेळेआधी आलेल्या विजेची तक्रार आजवर कुणी केली नव्हती.

बात्मा कणीक मळत होती. दिवा लागला.

"एमिलचे बाबा, वीज आली बघा," ती ओरडली. तिला आधी इस्त्रीची आठवण झाली. मग पाइपची.

तो भिजल्या बर्फात पडला होता. पाइप उचलायला त्याने खांदा लावला होता. मेदेर सायकलवरून आला तो आधी खांबावर चढला, तारा तोडल्या, मग त्याच्यापाशी गेला. मयताला जमलेल्यांसाठी मेंढा त्याच दुपारी कापला.

बात्माने कालिनिनग्राडला पत्र धाडले. पत्र पोचेपर्यंत आपण रोज अकराला हाक घालत होतो, असे गेन्नादीने उत्तरात लिहिले.

पाइप वर्षभर कुंपणाशी पडून राहिला. वर्षश्राद्धाला उलकानआपा आली आणि खांब मोडल्याशिवाय जेवणार नाही म्हणाली. कुणी वाद घातला नाही. मेदेर लोखंड कापायची करवत घेऊन बसला. दोन पाती तुटली. दुपारपर्यंत पाइपाचे तीन तुकडे झाले, चार-चार मीटरचे. टोकाचे फडके बात्माने सोडून घेतले. ते राखाडी झाले होते.

"हे मोडणं नव्हे," उलकानआपा म्हणाली, आणि जेवायला बसली.