बबितानं भरवलेला घास

आमच्या परसातल्या शेवग्याखालून उपकेंद्राची पायरी दिसते. धुणं वाळत घालताना, ज्वारी निवडताना नजर आपोआप तिकडं जाते. माझी धाकटी जन्मली त्याच्या आधीपासून वनमालाताई तिथं नर्स आहेत. माहेर धारूरचं, नवरा पुण्याला कंपनीत, आणि या इथं मागच्या खोलीत एकट्या. गावाला त्यांचं नाव ठाऊक नाही. नर्सबाई म्हटलं की झालं.

त्यांची एक सवय सगळ्या बायांना पाठ आहे. पोट तपासायच्या आधी त्या दोन्ही तळहात एकमेकांवर खसाखसा घासून गरम करायच्या. "गार हातानं लेकरू दचकतं," म्हणायच्या. शास्त्रात हे कुठं लिहिलंय की नाही, देव जाणे. पण ऊसतोडीवरून आलेल्या, जन्मात कुणी विचारून अंगाला हात न लावलेल्या बाया त्या आवाजानंच सैल पडायच्या. मीसुद्धा पडले होते.

केसरबाईंची सून ऋतुजा गेल्या थंडीत तिथं बाळंत झाली. दुसरी खेप होती, सगळं सुरळीत. दुपारी मुलगा झाला. दीर पेढे आणायला पाटोद्याला निघालासुद्धा. आणि मग रक्त थांबेना. ताईंनी इंजेक्शन दिलं, सलाइन लावली, फोन केला. अँब्युलन्स दुसरी एक अडलेली बाई घेऊन बीडला गेलेली. तिच्या परतीची वाट न बघता ताईंनी गावातल्या बंकटची जीप काढायला लावली. मागच्या बाकावर ऋतुजाला आडवं घातलं आणि स्वतः खाली गुडघ्यावर बसून, गर्भाची पिशवी आवळावी म्हणून तिचं पोट मुठीनं दाबून धरलं. गावची आशा कार्यकर्ती बबिता सलाइनची बाटली धरून बसली होती. पुढचं मला तिनंच सांगितलं.

मांजरसुंब्याच्या घाटाअलीकडं ऋतुजानं डोळे उघडले. म्हणाली, "ताई, हात दुखला आसंल की तुमचा. काढा थोडा येळ."

"बोलू नको, माझी बाय. दम धर."

घाटात ती बोलायची थांबली. ताईंनी मूठ काढली नाही. बीडच्या दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी त्यांचा हात धरून बाजूला केला, तेव्हा कुठं तो निघाला.

बाळ वाचलं. ऋतुजाला दुसऱ्या दिवशी गावात आणलं, अग्नी दिला. आमच्याकडं मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. भावकीतल्या बाया पिठलं-भाकरी घेऊन जातात आणि घरच्यांना पहिला घास बळंच भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. केसरबाईंच्या दारात त्या दिवशी भाकरीच्या दुरड्यांची रांग लागली होती. इकडं उपकेंद्राच्या पायरीवर ताई आदल्या दिवशीच्याच साडीत बसलेल्या. आदल्या दुपारपासून पोटात काही नाही, डोळ्यात टिपूस नाही. उजवा हात मांडीवर उताणा ठेवलेला, जणू दुसऱ्या कुणाचा.

बबिता आली. पदराखाली भाकरी, वाटीत पिठलं.

"घ्या मॅडम."

"हे काय? मयत माझ्या घरी झालीय का?"

"मंग कुनाच्या घरी झाली? केसरबाईला भावकी हाय. तुमाला इथं कोन हाय? आ करा."

तिनं हातानं घास भरवला. तो गिळला आणि ताई रडल्या. अशा रडल्या, की हातपंपावरच्या बायांनी घागरी खाली ठेवल्या. मला शेवग्याखाली उभं राहून बरं वाटलं. वाटलं, चला, बांध फुटला, आता सावरतील.

पण हातपंपावर दुसरंच शिजलं. कडू घास कुणाला भरवतात? ज्याच्यावर मयताचा भार असतो, त्याला. मग नर्सबाईनं तो कावून घेतला? दोन दिवसांत गावानं हिशेब लावला. "काईतरी चुकलंच आसंल तिचं. न्हाईतर परक्याच्या मयताचा घास कोन गिळतं, बाई?" बबितानं भाकरी नेली होती, गावानं त्या भाकरीचा कबुलीजबाब करून टाकला.

पारावरही तेच चाललेलं ऐकून बंकट खवळला. "गप बसा बे! गावापासून बीडपर्यंत त्या बाईनं हात हलवला न्हाई. मी आरशात बघत गेलतो." पोरं उठून गेली. पण त्याच बंकटनं गरोदर बायको मनकर्णाला तपासायला पाटोद्याच्या दवाखान्यात नेलं. मी विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "वैनी, इस्वास लई हाय. पर जिवाला काय सांगू?"

तालुक्याहून साहेब आले, विचारपूस झाली. औषध दिलेलं, निघायला उशीर नाही. "सिस्टर, तुमची काही चूक नाही," ते म्हणाले. आणि जाता जाता, "फक्त असं चारचौघांत रडत जाऊ नका. लोक वेगळा अर्थ काढतात."

ताई त्या संध्याकाळी माझ्याकडं चहाला आल्या. म्हणाल्या, "चूक निघाली असती तर बरं झालं असतं हो. चूक सुधारता येते. हे काय सुधारू?"

महिन्याच्या मीटिंगला मन हलकं करायचा कार्यक्रम झाला म्हणे. शहरातून आलेल्या बाईंनी सगळ्यांना डोळे मिटून समुद्र आठवायला लावला. "आमच्यातल्या निम्म्या जणींनी समुद्र बघितला नाही," ताई हसल्या. "मला आपली बिंदुसरा नदीच आठवली. तीही कोरडी." त्या हसण्याचीच मला जास्त भीती वाटली.

तपासणी मंगळवारी असते. ऋतुजानंतर किती मंगळवार पायरी रिकामीच. बबिता दारोदार फिरायची, शिव्या खायची, "तूच घास नेलतास, आता तूच जा" असले टोमणे ऐकायची. "एक बाई आली ना वैनी, की त्यांचा हात चालू होईल बघा," ती मला सांगायची. सगळी आस तिनं त्या एका बाईवर टांगून ठेवली होती.

आणि फाल्गुनात मनकर्णा आली. नवऱ्याला न विचारता, एकटी, आठव्या महिन्यातलं पोट घेऊन. बबितानं आनंदानं मला हाक मारली, "वैनी, सोबतीला या की!" मी हातातलं सूप तसंच ठेवून गेले.

मनकर्णा खाटेवर आडवी झाली, लुगडं सारलं. ताईंनी हात धुतले, पुसले. तळहात एकमेकांवर घासायला लागल्या. खस, खस, खस. मनकर्णानं डोळे मिटून घेतले. ताई घासत राहिल्या. बबिता माझ्याकडं बघायला लागली. घासून घासून तळवे लाल झाले, तरी हात पोटापर्यंत जाईनात.

"ताई, गार आसले तरी चालतंय," मनकर्णा हळूच म्हणाली.

ताईंनी हात आपल्याच काखेत दाबून धरले. "बबिता, हिला पाटोद्याला घेऊन जा. डॉक्टरांनाच बघू दे." आणि त्या मागच्या खोलीत गेल्या.

मनकर्णा लुगडं सावरत उठली. "माजं काई वाईट हाय का?" तिनं मला विचारलं. तिचं काहीच वाईट नव्हतं. पाटोद्याला ती नीट बाळंत झाली, मुलगी झाली.

ताई आहेत अजून. लेकरांना डोस देतात, तापाच्या गोळ्या देतात, फडकं मारून खाट लख्ख ठेवतात. गरोदर बाई आली की पाटोद्याची वाट दाखवतात. बायांनाही आता त्यात वावगं वाटत नाही. काही तर सरळ तिकडंच जातात.

बबिता रोज दुपारी पदराखाली भाकरी घेऊन येते. पायरीवर आता कुणी बसत नाही. ती आत जाते, आणि दोघी दार लावून जेवतात.