अक्कांची शुगर

सकाळी सहाला पुतणीचा फोन आला. "काकू, आई झोपेतच गेली..." अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. इंदिरानगरात आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. त्याला महिना होऊन गेला. फार थकवा आलाय हो.

सत्त्याण्णव साली आमचे हे गेले आणि मी अंथरूण धरलं. आजार काही नाही, पण उठून करायचं काय, तेच कळेना. वर्ष सरलं तरी उंबरा ओलांडला नव्हता. एके दिवशी अक्का आल्या आणि धपकन बसल्या. "सुमन, मला शुगर निघाली गं. डॉक्टर म्हणतात, रोज चाला. एकटीला लाज वाटते. तू ये बाई सोबतीला." त्यांच्यासाठी म्हणून उठले. नवरा गेलेली बाई पहाटेची भटकते असं कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनी माझ्या हातात दुधाची रिकामी किटली दिली. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, काय ते ध्यान! पहिल्या दिवशी विजेच्या दोन खांबांपर्यंत गेले आणि धापा टाकत कोणाच्या तरी ओट्यावर बसले. "पुरे. उद्या तिसरा," अक्का म्हणाल्या. रोज एक खांब वाढवायचा, दमलं की निमूट परतायचं, हा त्यांचा नियम. दोन-तीन महिन्यांत मैदानाच्या तीन फेऱ्या व्हायला लागल्या. भूक लागू लागली, झोप येऊ लागली. किटली कधी सुटली, आठवतही नाही.

दहा वर्षं चाललो, अगदी त्या जाईपर्यंत. परतताना माझ्याकडे चहा, त्यांचा बिनसाखरेचा. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा रुमालात बांधून न्यायच्या. "नातवाला होईल," म्हणायच्या.

दहाव्याला पुतणीला म्हटलं, "पथ्य मात्र कडक पाळलं हो अक्कांनी." ती म्हणाली, "कसलं पथ्य, काकू? आईला शुगर कधीच नव्हती. घरी दोन चमचे साखर लागायची तिला चहात."

आधी रागच आला. दहा वर्षं तो अगोड चहा घशाखाली घातलात, अक्का! सरळ म्हणायचं होतं ना, सुमन, ऊठ, तुझ्यासाठी ऊठ... पण माझ्यासाठी मी उठले नसते. त्यांना ते ठाऊक होतं. आता पाय दुखतात, मन नको म्हणतं, आणि सोबत कोणाची करायची तेही उरलेलं नाही. तीन आठवडे पडूनच होते. काल पहिल्यांदा माझी मी उठले. एकच फेरी झाली.