यादीत नसलेला दांडा

घाटकोपर स्टेशनच्या पूर्वेला माझ्या वडिलांचं बांबू-काठ्यांचं दुकान होतं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मॅट्रिक होऊन मी घरीच होते. दुपारी अण्णा जेवायला घरी जात, तेवढा वेळ मी दुकानात बसे.

मराठी भाषकांच्या राज्याच्या मागणीवरून मुंबई पेटलेली होती ते दिवस. एका सकाळी चौकीतले हवालदार छापील हुकूम घेऊन आले. लाठ्या, सोटे, टोकाला लोखंडी शेंबी बसवलेल्या काठ्या, लोखंडी मुठी, यातलं काहीही विकायचं नाही आणि दुकानात मांडायचंही नाही. अण्णांनी त्याच दिवशी सगळ्या लाठ्या सुतळीने बांधून माळ्यावर टाकल्या. कायद्याच्या बाबतीत ते भित्रे नव्हते, पण काटेकोर होते.

दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या लाकडाच्या वखारीचा राखणदार आला. मालवणकडचा, पन्नाशीचा माणूस. त्याची काठी मधोमध चिरली होती.

"मालक, माका एक काठी होयी," तो म्हणाला.

"नाही देता येत. हुकूम आहे," अण्णा म्हणाले.

"हातात काठी नाय तर राखण कशी करू? लोक माका बघून हसतले."

"चौकीतून परवाना आण, लगेच देतो."

त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून अर्ज मी लिहून दिला. तो दोनदा चौकीत जाऊन आला. साहेब नाहीत, उद्या ये, एवढंच उत्तर मिळालं.

त्याच आठवड्यात, अण्णा जेवायला गेले असताना, चार तरुण दुकानात शिरले.

"ताई, टिकावाचे दांडे आहेत ना?"

"आहेत. टिकाव नको?"

"टिकाव आहेत आमच्याकडे."

त्यातल्या एकाने दांडा उचलला, बारीक टोकाकडून धरला आणि जाड टोक हवेत सपकन फिरवलं. दुसरे हसले. त्यांचे हात खोदकाम करणाऱ्याचे नव्हते, स्वच्छ नखांचे होते. मला कळलं. हे मी आज स्पष्ट लिहिते आहे, कारण पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला कळलं नव्हतं. मी सहा दांडे काढून दिले. ते निघून गेल्यावर मी पैसे मोजून गल्ल्यात टाकले.

तिसऱ्या दिवशी हरताळ होता. दुपारी जमाव वखारीवर चालून आला. त्यांना लाकडं पेटवायची होती. वखारीतली बाकीची माणसं मागच्या भिंतीवरून पळाली. राखणदार फाटक लावून रिकाम्या हाताने उभा राहिला. पोलीस आले तेव्हा जमाव पांगला होता, वखार शाबूत होती आणि तो फाटकाशी पडला होता.

अण्णा धावत गेले आणि तासाभराने परत आले. सदऱ्यावर रक्त होतं.

"तिथे दांडा पडलाय. आपल्या दुकानाच्या खुणेचा गेरूचा पट्टा आहे त्याच्यावर," ते म्हणाले. "कोणाला दिलेस?"

मी सांगितलं. दांडा कसा फिरवून पाहिला, तेही सांगितलं. ते ओरडले नाहीत. "चल," म्हणाले आणि मला चौकीत घेऊन गेले.

हवालदारांनी माझ्याकडून त्या चौघांचं वर्णन ऐकलं, चारदोन ओळी खरडल्या. मग हुकुमाच्या कागदावरून बोट फिरवत म्हणाले, "दांडा यात नाही. ते अवजार आहे. तुमचा काही गुन्हा नाही, जा घरी."

"पण ते कशासाठी नेताहेत, हे हिला कळलं होतं," अण्णा म्हणाले.

"मग काय लिहू, काका? कुठल्या कलमाखाली?"

त्या चौघांपैकी कोणीही कधी सापडलं नाही. त्या दिवसापासून अण्णांनी दांडे विकणं बंद केलं. दुपारचा डबाही ते दुकानातच मागवू लागले. मला बसायला कधी सांगितलं नाही.

दहा-बारा दिवसांनी आम्ही दोघं हॉस्पिटलात गेलो. राखणदाराचा उजवा हात कोपरापासून लुळा पडला होता, एक डोळा गेला होता. अण्णांना पाहून तो उठू लागला. त्याच्या बायकोने त्याला धरलं.

"त्या दिवशी तुला काठी दिली असती तर..." अण्णा म्हणाले.

"तुमी तरी काय करतलात? हुकूम तो हुकूम," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बायनं अर्ज बरो लिवलेलो."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायची वेळ तीच होती. मी मोसंबं सोलत राहिले. एकेक फोड त्याच्या बायकोच्या हातात देत राहिले, आणि भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली.

वखारीच्या मालकाने दुसरा माणूस ठेवला. राखणदार आणि त्याची बायको बोटीने गावी जायला निघाली, तेव्हा अण्णा त्यांना पोचवायला धक्क्यावर गेले. "येतेस?" त्यांनी दारातून विचारलं.

"डोकं दुखतंय," मी म्हणाले, आणि तांदूळ निवडायला बसले.