तांबडीचा फोटो

नदीचं पाणी केदारखेड्याच्या आमच्या शेतात शिरलं, तेव्हा मी जालन्याला ऑफिसात पंख्याखाली बसून दादाला फोनवर धीर देत होतो. धीर देणं हे माझं घरातलं ठरलेलं काम. गोठ्यातलं मला बाकी काही येत नाही. शेणावरून घसरायला तेवढं येतं.

पाण्यानं कडब्याची गंजी अर्धी नेली, अर्धी भिजवली. जनावरांपुढं टाकायला काही उरलं नाही. मग आमच्याकडं अशा वेळी करतात तेच दादानं केलं. दोन्ही बैल आणि तांबडी गाय धावड्याला, ताईच्या सासरी पोचवली. पोरीच्या घरचं पाणी प्यायला लाजणारी माणसं जनावरांच्या बाबतीत लाजत नाहीत.

बैल तिथं रुळले. तांबडी मात्र परक्या दावणीला तोंड लावेना. तिची आई वितानाच मेलेली, वहिनीनं बाटलीनं दूध पाजून तिला वाढवलेलं. वहिनीचा रोज ताईला फोन.

"खाल्लं का तिनं?"

"वहिनी, एखाद्या दिवशी मी जेवले का ते बी विचारा की!"

तेवढ्यात कळलं, ज्यांचा चारा गेला त्यांना सरकार चारा देणार. पंचनाम्याला साहेब आले तर आमचा गोठा रिकामा.

"जनावरं कुठंयत?"

"पाव्हणी गेल्यात," दादा म्हणाला.

"जनावर दारात पाह्यजे, काका. कानातल्या बिल्ल्यासकट फोटो लागतो. उद्या आणून ठेवा, मी येतो."

दादानं टेम्पो केला. मीही रजा टाकून गेलो. मला गाईचं तोंड धरायचं काम मिळालं. तिनं मान झटकली की मी झटकला जायचो. पहिल्या फोटोत बिल्ला कमी आणि माझं पोट जास्त आलं.

"तुम्ही बाजूला व्हा," साहेब म्हणाले, "तुमच्यासाठी चारा न्हाई."

सगळे हसले. वहिनीसुद्धा.

फोटो झाले, साहेब गेले. टेम्पोवाला दुसरं भाडं करून संध्याकाळी येणार होता, जनावरं परत धावड्याला न्यायला. दुपारी तांबडीनं दावं सोडवलं आणि थेट गंजीकडं गेली. वरचा कडबा उन्हानं वाळून पिवळा झाला होता. ती खायला लागली. मान खाली घालून, फुरफुरत, खाऊन राह्यली.

"बघा, घरचं कसं खाती," वहिनी म्हणाली. "तिथं उपाशीच राह्यली माझी बाय."

"खाऊ द्या," दादा म्हणाला.

पंगतीत व्याह्याच्या पानाकडं पाहावं तसे आम्ही उभे राहून पाहत होतो. भिजलेला कडबा आतून बुरशीनं काळा पडला असणार, हे दादाला माहीत नव्हतं असं नाही. जन्म गेला त्याचा त्यात. पण ती खात होती ना.

टेम्पो आला तेव्हा तिचं पोट फुगलं होतं. उठेना. डॉक्टर आले, त्यांनी सुई दिली, गंजीत हात घालून मूठभर कडबा नाकाशी नेला आणि खाली टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तांबडी गेली. बांधाला खड्डा खणून, मीठ टाकून पुरली. वहिनी रडली नाही. तिनं ती उरलेली गंजी एकटीनं ओढून ओढून पेटवून दिली. ओली होती, नुसता धूर झाला.

चारा मात्र आला. मंजूर झाल्याप्रमाणे, तिन्ही जनावरांचा. दादा वाटपाच्या ठिकाणी म्हणाला, "गाय गेली आमची. तिचा वापस घ्या."

"वापस घ्यायची सोय न्हाई, काका. उचला जल्दी, मागं लाईन आहे."

त्या संध्याकाळी टेम्पोनं धावड्याला गेलेले बैल आता परत आणले होते. दादानं सगळा चारा त्यांच्यापुढं टाकला. बैल काय, खायला लागले. वहिनी आतून आली, थोडा वेळ पाहत राहिली. मग वाकून त्यातला एक वाटा उचलून बाजूला ठेवायला लागली.

"अगं, कुणासाठी?" दादा म्हणाला.

ती थांबली. तसाच तो वाटा कवेत धरून उभी राहिली. मला धीर द्यायचा होता. माझं तेवढंच काम. मी झाडू घेतला आणि झाडलेला गोठा पुन्हा झाडायला लागलो.