व्याह्यांचा मुकटा

हल्ली कपडे घ्यायचे म्हणजे माझ्या कपाळाला आठी पडते. परवा आणलेलं पोलकं दोन धुण्यांत असं विटलं की शेजारीण विचारायला लागली, जुनं काढलंत वाटतं घालायला. दुकानदाराला सांगायला गेले तर तो म्हणतो, आजी, आता असंच येतं. हे "आता असंच येतं" मी रत्नागिरीला परकर नेसून हिंडत होते तेव्हापासून ऐकते आहे. तेव्हाही ते खरंच होतं, आणि तेव्हा त्याच्याशी भांडायला आमच्या घरात वडील होते.

वडिलांना कापडाची परीक्षा घेण्याचा नाद होता. नाद म्हणण्यापेक्षा खोड म्हणावी. बाजारात कोरा मांजरपाट हातात घेतला की ते आधी त्याचा एक कोपरा मुठीत चुरगळत. पांढरी भुकटी खाली पडली की दुकानदाराकडे बघत आणि म्हणत, "ही खळ विकतोस की कापड? धुतल्यावर याची चाळणी होईल, पीठ चाळायला नेऊ का?" मग ते कापड उजेडाकडे धरून बघायचं, दोन्ही हातांत पकडून फाडकन ताणायचं, शेवटी काठाचं एक सूत ओढून काढायचं आणि काडी पेटवून जाळायचं. सुताला सुताचा वास, लोकरीला लोकरीचा, रेशीम जळलं तर केस जळल्यासारखा वास यायला हवा. वडील लांबून येताना दिसले की एक दुकानदार काड्याची पेटी लपवून ठेवतो, असं गावात म्हणत. आईला या सगळ्याची लाज वाटे. घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्त्राच्या कोपऱ्यातलं एखादं सूत गायब असे.

या सगळ्या परीक्षांमधून पार पडलेली एकच वस्तू आमच्या घरात होती, ती म्हणजे वडिलांचा मुकटा. सोवळ्यात नेसायचं हे जाडसर रेशमी वस्त्र आईच्या वडिलांनी लग्नात त्यांना दिलं होतं. त्याचा मूळचा रंग कुणाला आठवत नव्हता. पूजेला, श्राद्धाला, सणाला वडील तोच नेसत. ओला करून पिळला की पिळाचा चांगला करकरीत आवाज येई, आणि तो आवाज आला की वडील खूश होत.

तो कुठे विरला की रफू करायचं काम माझ्या ताईचं. ताईचा हात फार सुरेख होता, पण तिच्या मनात काय चाललंय ते त्या हातात उतरत असे. ती रागावलेली असली की धागा ओढून घेई आणि रफूच्या भोवती चुणी पडे. वडील मुकटा हातात घेऊन अंगठ्याने ती जागा चाचपत आणि विचारत, "काय गो, आज काय बिनसलंय?" ताई म्हणे, "काही नाही." मग थोड्या वेळाने कारण बाहेर पडे. मी तिची धाकटी बहीण, एकाच खोलीत झोपणारी, पण मला जे कळत नसे ते त्यांना त्या मुकट्यावरून कळे.

ताईचं लग्न ठरलं देवरुखला. मुलगा चांगला होता, पण बोलणं चाललं होतं ते त्याच्या वडिलांबद्दल. व्याही कडक आहेत, सोवळ्याचे काटेकोर आहेत, हसत म्हणून नाहीत, असं जो तो येऊन सांगून जाई. ताई ते ऐके आणि सुईत धागा ओवी. त्या दिवसांत तिने मुकट्याला केलेल्या रफूची जागा नुसती आखडून गेली होती. वडिलांनी त्यावरून अंगठा फिरवला, पण या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. कारण त्यांना ठाऊकच होतं.

व्याह्यांचा मान म्हणून त्यांना नवा मुकटा द्यायचा होता. तो आणायचं काम मामाने अंगावर घेतलं. मामा मुंबईला हापिसात होता आणि जे नवीन निघेल ते त्याला आवडे. लग्नाच्या आदल्या दिवशी तो आगबोटीतून उतरला आणि पडवीत त्याने मुकटा उलगडून दाखवला. काय सांगू त्याची झळाळी. कोयरीतल्या हळदकुंकवासारखा लालपिवळा, आणि हातातून पाण्यासारखा निसटणारा. शेजारच्या बायका बघायला आल्या. मामा म्हणाला, "जपानी माल आहे. आता असंच येतं."

वडील लगबगीने काड्याची पेटी शोधायला आत गेले, आणि आईने ते पाहिलं. आपल्या भावाने एवढ्या लांबून आणलेल्या मानाच्या वस्त्राचं सूत चारचौघांत जाळलं जाणार, हे तिला सहन झालं नाही. तिने मुकटा उचलला, विहिरीवर जाऊन स्वतः आंघोळ केली, तो पाण्यातून काढला आणि सोवळ्याच्या वळणीवर टाकला. ही वळणी म्हणजे कपडे वाळत टाकायची दांडी, आमच्या माजघरात उंच टांगलेली. तिच्यावरचं वस्त्र काठीनेच काढायचं आणि तेही आंघोळ करून सोवळ्यात असलेल्या माणसाने. लग्नघराच्या पसाऱ्यात पेटी शोधून वडील बाहेर आले तोवर मुकटा डोक्याच्या वर लटकत होता आणि वडील पारोसे होते.

"एक सूत तेवढं काढून दे," ते खालून म्हणाले.

"शिवाल तर उद्या व्याह्यांना काय विटाळलेलं नेसवणार?" आई म्हणाली.

वडील वळणीखाली मान वर करून उभे होते, तेवढ्यात मांडववाल्यांनी हाका मारल्या आणि त्यांना तिकडे जावं लागलं. दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर त्यांना हात लावता आला असता, पण भटजींनी त्यांना जे पाटावर बसवलं ते मुहूर्त लागेपर्यंत उठू दिलं नाही. लग्न लागलं, आईने मुकटा थेट तबकात घालून व्याह्यांपुढे ठेवला, आणि अशा रीतीने आमच्या घरात पहिल्यांदाच एक वस्त्र बिनपरीक्षेचं पास झालं.

व्याही अंगाने चांगले भरदार. मानाचं वस्त्र म्हणून तेच नेसून जेवायला बसायचं, हा रिवाज. ते आमच्या विहिरीवर न्हायले. अंग पुसायचं तर पुसायचं वस्त्रही सोवळ्यातलंच हवं, ते त्यांच्याजवळ नव्हतं, म्हणून ओल्या अंगावरच त्यांनी नवा मुकटा नेसला. वैशाखातली दुपार, रत्नागिरीची हवा, अंगावरचं पाणी सुकायचं नावच घेईना. मांडवात ते आले तेव्हा मुकटा चमकत होता आणि मामाची छाती फुगली होती. देवरुखची मंडळी पंगतीत बसली. व्याही पाटावर मांडी घालून बसले.

बसताना कसलासा आवाज झाला. मला वाटलं कुणी केळीचं पान फाडलं.

वाढून झालं. वरणभातावर तूप पडलं. भटजी म्हणाले, आपोशन घ्या. सगळ्यांनी तळहातावर पाणी घेतलं आणि व्याह्यांकडे बघितलं, कारण त्यांनी घेतल्याशिवाय दुसऱ्याने घ्यायचं नाही. व्याही ताठ बसले होते. हात मांडीवर. नजर समोरच्या खांबावर. पाणी लोकांच्या बोटांतून गळून जाई, परत घ्यावं, परत गळून जावं. भात निवायला लागला.

"व्याही रुसले," माझ्या मागे कुणीतरी कुजबुजलं, आणि ते कुजबुजणं स्वयंपाकघरापर्यंत पोचलं.

मग सुरू झालं आर्जव. काकांनी विचारलं, पाट बदलू का. मामाने विचारलं, वारा घालायला कुणी उभं करू का. एका म्हाताऱ्या आत्येने आतून निरोप पाठवला की मानात काही उणं राहिलं असेल तर पदरात घ्यावं. व्याही प्रत्येकाला नुसती मान हलवून नाही म्हणत. मान हलवताना बाकीचं शरीर जरासुद्धा हलू देत नसत, आणि त्यामुळे ते आणखीच भयंकर दिसत. नवऱ्या मुलाशेजारी बसलेली ताई पानाकडे बघत होती. मुंडावळ्यांच्या आड तिचा चेहरा पांढरा पडला होता. या घरात आपल्याला जन्म काढायचा आहे, एवढंच तिच्या मनात असणार. मला तिच्याकडे बघवेना.

शेवटी वडील पुढे झाले. तेही सोवळ्यात होते, आपला जुना मुकटा नेसून. व्याह्यांच्या अगदी जवळ वाकून ते हळूच म्हणाले, "माझं काही चुकलं असेल तर मला सांगा. पोरीवर राग नको."

व्याह्यांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. वडील सरळ झाले, एकदा मामाकडे बघितलं, आणि मोठ्याने म्हणाले, "अंतरपाट आणा."

पंगत चक्रावली. आता कुणाचं लग्न? वडील आत गेले. वळणीवरची लोकरीची धाबळी काठीने काढून भर वैशाखात ती त्यांनी गुंडाळली. स्वतःचा मुकटा विहिरीवर बुचकळून असा पिळला की त्याचा करकर आवाज मांडवापर्यंत ऐकू आला. तोवर सोवळ्यातल्या चौघांनी अंतरपाट धरून व्याह्यांच्या भोवती आडोसा केला होता. त्याच्या आड व्याही पहिल्यांदा उठले, आणि त्या जपानी रेशमाचा उरलासुरला भाग पाटावरच राहिला. मागच्या पंगतीतला कुणी वात्रट बारीक आवाजात म्हणाला, "शुभमंगल सावधान."

आणि मग अंतरपाटाच्या आडून हसणं आलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग असं की धरणाऱ्यांच्या हातातला अंतरपाट थरथरायला लागला. न हसणारे म्हणून ख्याती असलेले व्याही हसत होते. मग सगळा मांडव हसला. ताईने मान वर करून तिकडे बघितलं आणि ती पण हसली, आणि हसता हसता रडली.

वडिलांचा ओला मुकटा नेसून व्याही परत बसले आणि त्यांनी आपोशन घेतलं. भात निवला होता, पण कुणाची तक्रार नव्हती. जेवता जेवता ते मुकट्याचं टोक बोटांनी चाचपून बघत होते.

"कधीचा हो हा?"

"माझ्या लग्नातला. हिच्या वडिलांनी दिलेला," वडील म्हणाले.

"तरीच. हल्ली असं मिळत नाही."

बस्स. वडिलांना एवढंच हवं होतं. मठ्ठा येईपर्यंत दोघांनी मिळून मुंबईच्या गिरण्या, जपानी बोटी, खळ आणि मांजरपाट यांचा पार निकाल लावला होता. सुताची पिशवी उघडावी तसा एकाचा धागा दुसऱ्याला लागत होता. वाढणारे कंटाळले, पण ते दोघे उठेनात.

संध्याकाळी वडिलांनी फाटक्या जपानी मुकट्याचं एक सूत काडीला लावलं. ते भुरकन जळालं आणि रेशमाचा नव्हे, जळक्या कागदाचा वास आला. मामा बिचारा शेजारी उभा होता. "पण चमक किती होती," तो म्हणाला. "चमक होतीच," वडील म्हणाले, आणि त्याला त्यावरून पुन्हा कधी बोलले नाहीत. आईच रात्री आम्हाला म्हणाली, "पाण्यातून काढताना माझ्या हाताला कळलं होतं, ओला झाला की त्याच्यात जीवच राहत नाही. पिळायला धीर झाला नाही. पण भावाने आणलेलं, बोलू कशी?" मग ती म्हणाली, "आज माझ्या भावाने घालवलेली अब्रू माझ्या वडिलांनी दिलेल्या मुकट्याने राखली."

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड हातखंब्याच्या रस्त्याने परत गेलं. व्याह्यांच्या गाठोड्यात वडिलांचा मुकटा गेला. आई म्हणाली, मागून घ्या. वडील म्हणाले, दिलेलं मागत नाहीत. त्या वर्षी श्रावणातल्या पूजा त्यांनी धाबळी नेसून केल्या. अंगाला ती खाजे, घाम निथळे, आणि मंत्र म्हणताना मध्येच ते पाठ खाजवत. नवा मुकटा घ्यायला दुकानात गेले की काडी पेटवत आणि हात हलवत परत येत.

पण त्यांचा जीव मुकट्यापेक्षा ताईत अडकला होता. देवरुखहून तिची पत्रं येत, त्यांत सर्व क्षेम असे. सासरहून लेकीने दुसरं काय लिहायचं? लिहिलेलं आधी चार जण वाचणार. वडील ते पत्र उलटसुलट करून बघत, कापड बघावं तसं, आणि काही हाती लागत नसे. "व्याही त्या दिवशी हसले खरे," ते आईला म्हणत, "पण रोज थोडेच मुकटे फाटतात."

त्याच वर्षी गणपतीच्या आधी देवरुखचा एक गृहस्थ कोर्टाच्या कामासाठी रत्नागिरीला आला आणि त्याने एक गाठोडं आणून दिलं. आत वडिलांचा मुकटा होता. गृहस्थाने पडवीत बसून निरोप सांगितला, "व्याहीबुवा म्हणाले, गणपतीला तुम्हाला लागेल. त्यांनी आपल्याला दुसरा घेतलान, सूत जाळून बघून. हा आधीच पाठवणार होते, पण सूनबाई म्हणाल्या, जागा विरलीय, नीट करून देते, मग न्या."

तो चहा घेऊन गेला. वडिलांनी मुकटा उचलला आणि उजेडात दाराशी नेला. आधी त्यांनी तो दोन्ही हातांनी ताणला, सवयीने. मग नवी रफू शोधून काढली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. एकदा, मग परत. मी जवळ जाऊन बघितलं. कुठेही चुणी नव्हती. नवे धागे जुन्यांत असे सपाट, सैल, निवांत बसले होते की जागा डोळ्यांना दिसत नव्हती, फक्त बोटाला लागत होती.

"अगो, बाहेर ये जरा," वडिलांनी आईला हाक मारली. "पोर सुखात आहे."

आईने पदराला हात पुसले आणि तिनेही त्या जागेवरून अंगठा फिरवला.